सोयाबीनच्या थप्पीमागची बंदूक

आमच्या घरात बंदूक कुठं ठेवायची, हा प्रश्न कधी नव्हताच. समोरच्या खोलीत दोन सागवानी खुंट्यांवर ती आडवी असायची आणि तिच्या खाली मामाजी बसलेले असायचे. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सून सासऱ्यांना मामाजीच म्हणते. मेहकरहून लग्न होऊन मी रोहिणखेडजवळच्या या गावात आले, उंबरठा ओलांडला, तर आधी बंदूक दिसली आणि मग सासूबाई. सासूबाईंची भीती दोन-तीन वर्षांत गेली. बंदुकीची काही गेली नाही. तिच्यावरची धूळ मी लांब काठीला फडकं बांधून झटकायचे, आणि मामाजी खाली बसून मजा पाहायचे.

"चावते का वं थे तुले?"

बंदूक पिकाच्या राखणीची. डोंगरातून रोही म्हणजे नीलगाई उतरतात, रानडुकरं उतरतात, आणि उभा हरभरा झोपवून जातात. त्यासाठी मामाजींनी तरुणपणी परवाना काढला होता. रात्रीच्या जागलीला जाताना ती खांद्यावर, येताना खांद्यावर. तिनं एखादं जनावर मेलं असं मात्र मी कधी ऐकलं नाही. बार हवेत काढायचे. "मारायचं नसते," ते म्हणायचे, "वावराले मालक हाय एवढं सांगायचं असते."

मग मामाजी विसरायला लागले. आधी चष्मा, मग जेवलो की नाही ते, मग सासूबाई गेल्या ते. हे आम्ही सगळं वयाच्या खात्यात टाकत गेलो. माझं स्वतःचं विसरणं इतकं जुनं आणि नावाजलेलं आहे, की त्यांचं मला वेगळं वाटलंच नाही.

दसऱ्याच्या आधी एका दुपारी मी अंगणात मूग वाळत घालत होते. वर पाहिलं तर मामाजी ओट्यावर उभे. बंदूक खांद्याला लावलेली, एक डोळा मिटलेला. नळीचं तोंड कुंपणापलीकडं, शेजारच्या काकूंच्या गोठ्याकडं. तिथं काकूंची तांबडी गाय शेपटीनं माश्या हाकत उभी होती, आणि गाईच्या मागं वाकून काकू शेण भरत होत्या.

"हालू नको," मामाजी हळूच म्हणाले. "रोही हाय."

ओरडावं तर दचकून चाप ओढला जाईल. धावावं तर माझे पाय मुगात रोवलेले. एखाद्या धीराच्या बाईनं काय केलं असतं कोण जाणे. मी म्हटलं, "मामाजी, चहा ठेवू का?"

दुसरं काही सुचलंच नाही. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी सगळ्यात जास्त बोललेलं वाक्य तेच असेल. जिभेवर तेच होतं.

त्यांनी डोळा उघडला, बंदूक खाली केली. "ठेव," म्हणाले. "अद्रक टाकजो."

काकूंना काहीच कळलं नाही. त्यांनी टोपलं उचललं आणि जाता जाता मला विचारलं, मूग घरचेच का म्हणून. मी हो म्हटलं की नाही, आठवत नाही. संध्याकाळी आमचे हे वावरातून आले. मी सांगितलं तर आधी हसले. मग त्यांनी बंदुकीची नळी मोडून उघडली. आत काडतूस होतं.

घरात जी काडतुसं सापडली ती ह्यांनी ज्या दुकानातून आणली होती तिथं परत नेऊन दिली. पण मामाजींची जुनी सवय अशी, की काडतूस एका जागी ठेवायचं नाही. एखादं तुरीच्या कणगीत निघालं, एखादं सासूबाईंच्या जुन्या पेटीत. आणखी किती आहेत आणि कुठं, हे फक्त त्यांना माहीत होतं, आणि आता त्यांनाही माहीत नव्हतं. म्हणजे काडतुसं शोधून भागणार नव्हतं. बंदूकच त्यांच्या हाताला लागू द्यायची नाही, एवढं एकच आमच्या हातात होतं.

सरळ उपाय म्हणजे बंदूक जमा करून टाकणं. हे त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"बाबा, बंदूक ठाण्यावर जमा करून टाकू."

"काऊन? म्या काय केलं?"

आता खरं सांगायचं तर त्यांना सांगावं लागणार, की तुम्ही काकूंवर नेम धरला होता. जन्मभर ज्यांनी हवेत बार काढले त्यांना हे कोण सांगणार? ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी मुगाकडं पाहिलं.

"काही नाही केलं बाबा."

"मंग? मेल्यावर न्या."

ठाण्यावर विचारून आलो तर ते म्हणाले, परवाना त्यांचा, त्यांनी स्वतः येऊन सांगावं. तोवर कुलपात ठेवा, भिंतीला पक्कं ठोकलेलं लोखंडी कपाट असलं तर उत्तम. कपाट येईपर्यंत ती आमच्या पलंगाखाली होती. पलंगाच्या वर मी होते, आणि माझी झोप कुठंच नव्हती.

कपाट नांदुऱ्याहून मालवाहू ऑटोत आलं. ह्यांचा आग्रह, की गावात कोणाला कळू द्यायचं नाही. म्हणून उभ्या खोक्यात गुंडाळलेलं, माणसाएवढं उंच ते धूड भर बाजाराच्या दिवशी चार जणांनी आमच्या दारात उतरवलं. पाराजवळून कोणीतरी विचारलं, "फ्रिज घेतला का वहिनी?" मी म्हटलं, हाव. खोटं बोलताना मी नेहमी पहिल्यालाच हो म्हणून टाकते, मग पुढचं निस्तरत बसते. दुसऱ्या दिवशी काकू वाटी घेऊन आल्या. नातवाच्या गुडघ्याला लागलं होतं, बर्फ पाहिजे होता. मी म्हटलं, अजून जमला नाही, तर मामाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "कायचा फ्रिज? खोटं बोलते थे."

कपाटाचं मामाजींना काय सांगायचं? बंदुकीला गंज लागून राहिला आहे, म्हणून तिच्यासाठी कपाट आणलं, असं ठरलं. ही युक्ती माझी. ती इतकी चांगली निघाली की मामाजी हरखले. धोतर सावरून उठले, काठी घेतली आणि म्हणाले, "चाल, जागा पाहू."

म्हणजे ज्यांच्यापासून बंदूक लपवायची, तेच पुढं काठी टेकत जागा शोधायला निघाले, आणि मागं मी, हे आणि रोहिणखेडचा मिस्त्री. मिस्त्रीला स्वतःबद्दल शंका नव्हती. "आमच्या गावची मशीद पाहा," तो आल्या आल्या म्हणाला, "कवापासून उभी हाय. आमच्या गावचा मानूस भिंतीत चुकत नाही."

आमचं घर अर्धं पांढऱ्या मातीचं, अर्धं मागून बांधलेलं स्लॅबचं. समोरच्या खोलीत, खुंट्यांच्या खालीच, मिस्त्रीनं ड्रिल लावली. गव्हाचं पीठ यावं तशी माती येत राहिली. भोक एवढं झालं की त्यात माझी मूठ गेली. मी मूठ घालून का पाहिली, ते मला विचारू नका.

"याच्यात बोल्ट धरत नाही," मिस्त्री म्हणाला.

"हे तर मलेबी दिसते," मामाजी म्हणाले.

मग आमची झोपायची खोली. तिथं एक भिंत विटांची आहे. मी म्हटलं, उशाशी बंदूक घेऊन मी झोपणार नाही. हे म्हणाले, पलंगाखाली होती तेव्हा झोपलीच की. आमचं हे चालू असताना मिस्त्रीनं ड्रिल दाबली, आणि ती एकाएकी सपकन आत गेली. पलीकडून काकूंचा आवाज आला, अगदी शांत.

"माह्या घरात येऊन राह्यले का तुमी?"

भिंत सामाईक होती. ड्रिलचं टोक काकूंच्या स्वयंपाकघरात, तिखटाच्या डब्याला टेकून थांबलं होतं. काकू भोकाला डोळा लावून म्हणाल्या, "फ्रिजले एवढी मोठी भोकं पाडा लागते का वं?"

मिस्त्री म्हणाला, जुन्या विटा फसव्या असतात. मशिदीचं नाव त्यानं नंतर काढलं नाही.

स्वयंपाकघरात सिलेंडर. देवघरात मी नको म्हटलं. संडासाची भिंत चांगली काँक्रीटची, आणि मामाजी तिकडं जातात ते कोणीतरी धरून नेलं तरच. हे तिथं जरा रेंगाळले. मामाजींच्या लक्षात आलं.

"बंदूक संडासात ठेवता? मंग मलेबी तठीच ठेवा."

राहिली ती स्लॅबची खोली. भिंत पक्की, कोरडी, दिसायलाही आडबाजूला. ही खोली ह्यांनी मामाजींसाठीच बांधली होती, आणि मामाजी तिथंच झोपतात. मामाजींनी त्या भिंतीवर काठी आपटली. खणखणीत आवाज आला. ते पलंगावर बसले आणि उशाकडं बोट दाखवलं.

"अठी ठोक."

मिस्त्रीनं ड्रिल उचलली. मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे छताकडं पाहात होते. एवढा खर्च, एवढी लपवाछपवी करून आम्ही बंदूक नेऊन त्यांच्या उशाशी ठोकणार होतो, तीही मजबूत. नाही म्हणायला एक कारण पाहिजे होतं, आणि मला पुन्हा चहाच आठवत होता.

"बाबा," शेवटी हे म्हणाले, "कोठीची भिंत पाहूनच घेऊ एकदा. पाहाले काय जाते?"

कोठी म्हणजे धान्याची खोली, घराच्या अगदी मागं. तिची मागची भिंत काळ्या दगडाची, माझ्या आजेसासऱ्यांच्या वेळची. मिस्त्रीनं ड्रिल लावली. दगड कुरकुरला, पण धरला. कोठी मामाजींच्या खोलीपासून लांब होती, मध्ये दोन पायऱ्या होत्या, दार माझ्या स्वयंपाकघरातून होतं. मामाजींनी कणगीकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं.

"हाव," ते म्हणाले. "दाण्याजवळ बंदूक बरी. दाण्यासाठीच तर आनली होती."

त्यांनी ते इतक्या साधेपणानं म्हटलं की मला आमचीच लाज वाटली. पण बोल्ट बसले, बंदूक आत गेली, दार लागलं. दोन्ही चाव्या माझ्याकडं आल्या. घरात सगळ्यात जास्त वस्तू हरवणारी मी. ह्यांचं म्हणणं, "तुह्याकडून हरवली तर कोनालेच सापडत नाही. तेच तर पाहिजे."

मी चाव्या कमरेला खोचल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून मामाजी मागायला लागले.

"बाई, चाबी दे. तेलपानी करतो."

आज अमावस्या आहे. आज माझे हात पिठाचे आहेत. आज ह्यांनी नेली चुकून. रोज एक कारण. सकाळी उठल्यावर भाजी काय करायची याच्या आधी आज कारण काय सांगायचं, ते ठरवावं लागे. माझी कारणं संपत आली तेवढ्यात सोयाबीन घरी आलं.

आता ही चूक आमच्यासारख्यांच्याच हातून व्हायची. आमच्याकडं कोठी रिकामी दिसली की माणसाला राहवत नाही. आभाळ आलं होतं, घाई होती, मजूर पोती, आमच्याकडचे कट्टे, आणून टाकत होते आणि हे "लाव थप्पी, लाव थप्पी" म्हणत होते. कोठी छतापर्यंत भरली. दारात उभे राहून ह्यांनी समाधानानं हात झटकले, आणि मग त्यांचा चेहरा बदलला. बंदुकीचं कपाट थप्पीच्या मागं होतं. ठाण्यावरून कोणी पाहायला आलं तर काय दाखवायचं?

मामाजी पायऱ्या उतरून आले. आम्ही दोघं गुन्हेगारासारखे उभे. त्यांनी थप्पी वरपासून खालपर्यंत पाहिली.

"कपाट मांगं गेलं वाटते."

"हाव बाबा. हालवतो उद्या."

"काऊन?" मामाजी म्हणाले. "भाव आल्याबिगर कट्टा हालवू नको. बंदूक काय पयून चालली?"

त्या दिवसापासून मला कारण शोधावं लागलं नाही. मामाजी चाबी मागायचे, मी म्हणायचे, सोयाबीन आहे ना समोर, आणि ते मान डोलवायचे. नातवंडांची नावं ते विसरले होते. पण भाव आल्याशिवाय माल हलवायचा नाही, हे त्यांच्या हाडात होतं. उलट मलाच समजवायचे, "घाई नको करू. चढते भाव."

तो हिवाळा आमच्या घरात उलटा गेला. गावात सगळे भाव चढायची वाट पाहात होते आणि आम्ही उतरायची. हे रोज फोन लावून भाव विचारायचे, आणि थोडा चढला की त्यांचं तोंड उतरायचं. व्यापाऱ्याला वाटलं, हा माणूस फारच मुरलेला आहे. त्यानं आपण होऊन जास्त सांगितलं, तर ह्यांनी घाबरून फोन ठेवला.

संक्रांतीच्या आधी एका सकाळी मामाजी अंगणात ऊन खात बसले होते. मी तीळ निवडत होते. ते एकदम म्हणाले, "बाई, त्या दिवशी गाईवर धरली होती ना म्या? मांगं काकू होती."

त्यांचा आवाज मागच्या सालांचा होता. मी लग्न होऊन आले तेव्हाचा.

"काही झालं नाही मामाजी."

"झालं नाही, पन झालं असतं. चाबी तुह्याजवळ हाय?"

"हाव."

"मी मांगीन. रोज मांगीन. शिव्याही देईन. देजो नको. पोराजवळ ठेवू नको, थो देऊन टाकीन. त्याले माहं मन मोडवत नाही. तू भेते, पन नाही म्हनू शकते."

मी आयुष्यात कोणाला नाही म्हटलं आहे हे मला आठवेना. पण एवढी संधी समोर होती. म्हटलं, "मामाजी, मंग ठाण्यावरच जमा करून टाकू का? आजच? तुमी फक्त चाला."

त्यांनी विचार केला. "बोलाव त्याले. जाऊ."

मी फोन केला. हे वावरातून धावत आले, हातपाय धुतले, इस्त्रीचा शर्ट घातला, परवाना घेतला, गाडी काढली. कट्टे काढायला माणसं बोलावली. सगळं मिळून फार वेळ गेला नाही, पण तेवढा गेला. हे समोर येऊन उभे राहिले तर मामाजींनी त्यांच्या शर्टाकडं पाहिलं आणि विचारलं, "कोनाच्या लग्नाले चालला बे?"

ह्यांनी आत जाऊन शर्ट बदलला. शर्टाची घडी मोडली म्हणून मी चिडले. कशावर तरी चिडायला पाहिजे होतं.

शेवटी उन्हाळ्याच्या तोंडावर भाव आला. कोठीत उंदीर झाले होते, कट्टे कुरतडले जात होते. आमची इच्छा नव्हती, पण मामाजींनीच हुकूम सोडला. "इका आता. एवढा भाव पुन्हा भेटत नाही." त्यांच्या तोंडून ते इतकं बरोबर निघालं की ह्यांना नाही म्हणता येईना. माल गेला. बियाण्याचा एक कट्टा तेवढा कोपऱ्यात राहिला, आणि समोर उघडी पडलेली काळी भिंत आणि तिच्यावर ते कपाट.

मी झाडू घेऊन कोठीत गेले तर मागून काठीचा आवाज आला. मामाजी एकटे, भिंत धरत धरत पायऱ्या उतरून आले होते. सकाळपासून ह्या पायऱ्यांचा मला काय आधार वाटत होता.

"उघड," ते म्हणाले.

समोर सोयाबीन नव्हतं. अमावस्या नव्हती. हातात पीठही नव्हतं.

"नाही मामाजी."

"काऊन?"

"तुमीच सांगतलं होतं. मी मांगीन तरी देजो नको म्हनून."

"म्या?"

"हाव. संक्रांतीच्या आधी. अंगणात ऊन खात होते तुमी."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. खोटं बोलणाऱ्याला बरोबर पकडायचे ते. बर्फाच्या वेळी त्यांनीच मला सगळ्यांसमोर उघडं पाडलं होतं. आता त्यांना माझ्या तोंडावर खोटं काही सापडेना, आणि खरंही पटेना.

"म्या नाही सांगतलं. दुसरा कोनी असंल."

"तुमीच होते मामाजी."

"बरं," ते म्हणाले. "मंग बोलाव त्याले. मी बोलतो त्याच्यासंगं."

बोलावलं असतं. मलाही त्याच्याशी बोलायचं होतं. तू सांगून गेलास, पण रोज नाही कसं म्हणायचं ते सांगितलं नाहीस, असं विचारायचं होतं. मी चाबीवर हात ठेवून तशीच उभी राहिले. मामाजी बियाण्याच्या कट्ट्यावर बसले, पाठ कपाटाला टेकली, काठी दोन्ही गुडघ्यांवर आडवी धरली. जागलीला बसायचे तसे. मी इथून हलणार नाही, हे न बोलता सांगून झालं होतं.

मीही खाली बसले. झाडू हातातच होता. बाहेर काकूंची गाय हंबरली, आणि मामाजींनी तिकडं मानसुद्धा वळवली नाही.

मग म्हणाले, "चाबी नाही देत तं चहा तरी दे. का थोबी कुलपात ठेवला?"

"ठेवते," मी म्हटलं.

"अद्रक टाकजो."

मी उठले आणि जाताना कोठीचं दार उघडंच ठेवलं, म्हणजे शेगडीजवळून ते मला दिसत राहतील.